दुबई शाखाप्रमुख

३ नोव्हेंबर, रविवार

आठ दिवस वही उशाखाली पडून. रोज म्हणतो आज लिहू, आणि रोज फाटते. कुणी वाचलं तर? मग लक्षात आलं — या खोलीत मराठी वाचणारा मीच एकटा! म्हणून लिहितो.

झालं असं. इलेक्शन लागलं म्हणून गावाकडे पोलिसांनी सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा करायला लावल्या. शेतीसंरक्षणाच्या, परवाना असलेल्या. दत्तारामकाकाचीही. भात कापणीला आलेलं आणि गवे शेतात! कुडाळच्या वकीलबाई रंजिताताई, त्यांचा नागरी हक्क मंच कोर्टात जाणार. मी तावातावाने गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर व्हॉइस नोट टाकली — 'दुबईची पोरं तुमच्या पाठीशी आहेत!' दुबईची पोरं म्हणजे मी. तोही शारजात, अल नहदाला, लाँड्रीचे कपडे पोचवणारा. तीन वर्षांतली चौथी नोकरी.

तेवढ्यावर काकाने तिठ्यावर बॅनर लावला. माझा गावी काढलेला जुना फोटो, खांद्यावर काकाची ठासणीची बंदूक. खाली — 'बंदूक हक्क समिती, दुबई शाखाप्रमुख मा. श्री. तन्मयशेठ परब'. आणि माझा इथला नंबर!!

५ नोव्हेंबर

बॅनर फेसबुकवर गेलाय. एकशे बारा लाइक. इथे परवानगीशिवाय संघटना म्हणजे थेट तुरुंग; चार माणसांची वर्गणी काढायलाही लोक घाबरतात, आणि माझी बंदुकीची शाखा!

काकाला फोन केला. उतरव म्हटलं.

'अरे, मान मिळालो तुका! घाबरतंस कित्याक?'

६ नोव्हेंबर

रूममेट जहूरला दाखवलं. 'भाई, पूरा डॉन लग रहा है!' पोट धरून हसला. मग फोटो मोठा करून बघितला आणि हसायचा थांबला. 'डिलीट कर. यल्ला, जल्दी.' ते थांबणं जास्त वाईट.

समोरच्या एसीवर कबुतराने अंडी घातलीत. दोन. अर्धा तास तेच बघत बसलो, कपडे पोचवायला उशीर.

७ नोव्हेंबर

०२ ने सुरू होणारा नंबर. तीनदा. म्हणजे अबू धाबी. लँडलाइन. सरकारी असणार! उचलला नाही.

८ नोव्हेंबर

परत ०२. शेवटी रंजिताताईंना फोन लावला. त्या भडकल्याच. 'ही समिती आमची नाही! बंदूक हा हक्क नव्हे, परवाना आहे. पण कारण न बघता सरसकट सगळ्यांच्या काढून घ्यायच्या — आमचं भांडण तिथे आहे. दत्तारामना कितीदा सांगितलं.'

काका काय म्हणतो ते मी सांगितलं — 'गवो इलो तर तेका काय परवानो दाखवू?'

त्या हसल्या नाहीत. मला दोघांचंही पटतं, हीच माझी गोची.

म्हणाल्या, 'बॅनर उतरवायला लावते. आणि तन्मय, तू तिथे गप्प राहायचं. एक शब्द नाही.'

लोकांनी बोलावं म्हणून इतकी वर्षं कोर्टात भांडणारी बाई मला गप्प राहा म्हणते. म्हणजे भीती खरी आहे.

९ नोव्हेंबर

ग्रुप सोडला. फोटो पुसले. बॅग भरून ठेवली. कशाला, माहीत नाही. पासपोर्ट तर मालकाकडे.

१० नोव्हेंबर, रविवार

आत्ता वॉचमन अलीमियाँ खालून ओरडला — 'तन्मय! तुझे कोई पूछ रहा है. बंदूकवाला बोल के!'

कठडा धरून खाली उतरलो.

वर्दी नव्हती. समाधान म्हणून आपल्याकडचाच माणूस. काकाकडून पत्ता घेऊन, अबू धाबीच्या पार टोकाच्या रुवैसहून पहाटेच्या बसने आलाय. ०२ वरून, त्यांच्या लेबर कॅम्पच्या ऑफिसातून, तोच फोन करत होता. त्याच्या बापाची बंदूक ठाण्यात, आणि बापाला गव्याने उचलून आपटलंय. हॉस्पिटलात आहे, शुद्ध नाही. खिशात परवान्याची झेरॉक्स, घडी घालून घालून फाटायला आलेली. वर आणलं. माझ्या खाटेवर बसलाय. तिसरा ग्लास पाणी.

'शाखाप्रमुख तुमीच मां?'

आधी दार लावून घेतलं. मग हो म्हणालो.