दुप्पट स्पीडचा बाप

३ मार्च, सकाळी ७.१०
लेक अर्थशास्त्र शिकायला परगावी गेल्याला आठ महिने झाले. आईशी फोनवर पाऊण तास बोलते. माझ्याशी फक्त जेवलास का, बरं ठेवते. कारण उघड आहे. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या माणसाशी ती काय बोलणार? पंचवीसला चार दिवस घरी येतेय. तोवर राजकारण, अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान संपवायचं. व्हिडिओ बघून.

४ मार्च
यादीत एकशे साठ व्हिडिओ. स्पीड दुप्पट केला की ऐंशीच. लोक कॉलेजात तीन-तीन वर्षं काय करतात कोण जाणे.

७ मार्च
राजकारण झालं. (सहा व्हिडिओ. उरलेल्यांत माणूस तोच होता, शर्ट वेगळे.)

११ मार्च
लॅबमध्ये कानात इयरफोन, हातात कवळी. मागणी-पुरवठा झाला. दुपारी डेंटिस्टचा फोन. एकाच पेशंटच्या दोन्ही कवळ्या खालच्याच पाठवल्यात, वरची कुठाय? म्हटलं, पुरवठा जास्त झाला. हसले नाहीत. अभ्यास नसेल.

१६ मार्च
महागाई का होते ते काल समजलं होतं. आज आठवत नाही. व्हिडिओ चारदा बघितला. ही म्हणते, पोरीला नुसता फोन करून गप्पा का मारत नाही? तयारीशिवाय?

१९ मार्च
नवीनच त्रास. माणसं फार सावकाश बोलतात. लॅबमधला जोडीदार वाक्य सुरू करतो, मी पुरं करून टाकतो. वेळ वाचतो. हल्ली तो बोलतच नाही, म्हणजे आणखी वाचतो.

२४ मार्च
उद्या येतेय. तत्त्वज्ञानातला 'मी कोण?' हा व्हिडिओ अर्धाच झालाय. देवा, बापाशी बोलण्यात अर्थ आहे असं तिला एकदा तरी वाटू दे.

२५ मार्च
आली. वाळलीय. जेवणानंतर आईला म्हणाली, तू आत जा, मला बाबाशी बोलायचंय. माझ्याशी! म्हणाली, बाबा, कॉलेजमध्ये ना... आणि थांबली. मी लगेच धरलं. बाजार, लोकशाही, सत्य. सलग पन्नास मिनिटं. तिने दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वाक्यं मीच पुरी केली. शेवटी तिचे डोळे भरून आले. म्हणाली, खूप अभ्यास केलायस. जिंकलो!

२६ मार्च
सकाळच्या गाडीने परत गेली. ही सोडायला गेली होती. चार दिवस राहणार होती ना? परीक्षा असेल.

२७ मार्च
हिने आज सांगितलं. स्टेशनवर पोर रडली. दोन महिने वर्गातच गेलेली नाही. काही डोक्यात शिरत नाही, महागाईच्या धड्यापासूनच अडलंय. आई ओरडेल, बाबा निदान ऐकून घेईल, म्हणून आली होती.
महागाई मलाही समजलेली नाही. एवढं एकच सांगितलं असतं तर पुरलं असतं.

२८ मार्च, सकाळी ६.४०
दोनदा फोन केला, उचलला नाही. मग तिचा व्हॉइस मेसेज आला. नऊ सेकंदांचा. साध्या स्पीडवर ऐकला. बाबा, नीट पोचले. मग थोडा वेळ काहीच नाही, नुसता श्वास. मग ठेवते.
सात वेळा ऐकला. एकदाही मध्ये बोललो नाही.