दोन मिनिटांचा थांबा

४ तारीख, मंगळवार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुझ्यामागे दहा माणसं ओरडत असतात आणि तू माझं सोडून त्यांनाच उत्तरं देतोस, म्हणून ही चिठ्ठी स्टेशनमास्तरांकरवी धावत्या गाडीच्या गार्डाच्या हाती देते आहे.

काल दुकानात पाटी रंगवता रंगवता अण्णांचा उजवा डोळा अर्धा काळा झाला. रंग उडाला असं वाटून त्यांनी दोनदा तोंड धुतलं. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा सुटतो आहे. शुक्रवारपर्यंत तुमच्याकडच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं तर डोळा वाचेल. डावा काचबिंदूने केव्हाच नेला, म्हणजे आहे तो हाच. आडवं झोपवून न्या, धक्के बसता कामा नयेत, असंही म्हणाले. टॅक्सीने अकरा तास, आणि रस्ता कसला आहे ते तुला माहीत आहे. गाडीने चार.

पण तुमच्या मोठ्या लाइनीवर मालगाडी घसरली आणि आमची पॅसेंजर रद्द झाली. तिकडच्या सगळ्या एक्स्प्रेस आता आमच्या एकेरी लाइनीवरून जातात. दिवसाला नऊ. घरातली भांडी वाजतात, थांबत मात्र एकही नाही. स्टेशनमास्तर म्हणतात, कंट्रोलमधून हुकूम आला तर दोन मिनिटं थांबवता येईल. कंट्रोलच्या खुर्चीत तू बसतोस. अण्णांना न विचारता लिहिते आहे. ते म्हणतात, आंधळ्या पेंटरला रंग निवडायची कटकट नाही. मला हसू आलं नाही.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, या वेळी तो कामाला येऊ दे.

तुझी,
ठमी


५ तारीख, बुधवार

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

चिठ्ठी वाचून आधी इस्पितळ गाठलं. डोळ्यांच्या सर्जनची शुक्रवार संध्याकाळची वेळ मी घेतली आहे.

थांब्याचं मात्र जमणार नाही. वळवलेल्या गाड्या मधे कुठेही थांबवायच्या नाहीत असं परिपत्रक आहे, आणि त्यावर पोच म्हणून माझीच सही आहे. एकेरी लाइन आहे. एक गाडी दोन मिनिटं थांबली की मागच्या चार गाड्या तासभर खोळंबतात. त्या गाड्यांतही कुणाचे आजारी वडील असतील. माझे आहेत म्हणून थांबवली, तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडाने नाही म्हणू? कालपासून हेच स्वतःला विचारतो आहे आणि उत्तर बदलत नाही.

टॅक्सीची घाई करू नकोस, धक्क्यांनी होता नव्हता तो डोळाही जाईल. शुक्रवारी सकाळी तुमची पॅसेंजर सुरू होईल असं इंजिनीअर म्हणतात. मी स्टेशनवर स्ट्रेचर घेऊन उभा असेन. तोवर अण्णांना उशी देऊ नकोस आणि ब्रश हाती लागू देऊ नकोस.

राग मानू नकोस, आणि मानलास तरी कळवत राहा.

तुझा,
दादा


१८ तारीख, मंगळवार

दादास,
नमस्कार.

आम्ही घरी सुखरूप पोचलो. सुखरूप हा शब्द सवयीने पडला.

शुक्रवारी पॅसेंजर आली नाही. शनिवारीही नाही. रविवारी मी टॅक्सी केली. गुरुवार-शुक्रवारी आणलं असतं तर डोळा राहिला असता, हे सर्जनने तुझ्यासमोरच सांगितलं. तू फरशी बघत होतास. इथवर मी तुला दोष देत नव्हते. अंदाज कुणाचाही चुकतो.

काल स्टेशनमास्तर अण्णांना भेटून गेले. निघताना दारात मला म्हणाले, गुरुवारी दुपारी एक्स्प्रेस थांबली तेव्हा तुम्ही वडिलांना का नाही आणलंत? मला वाटलं, कंट्रोलमधून तुम्हाला कळवलं असेल. त्या दुपारी भांडी वाजता वाजता गप्प झाली होती खरी. मला वाटलं, सिग्नल नसेल. ते म्हणाले, दोन मिनिटं थांबली, सहा माणसं उतरली, मोठ्या साहेबांचे पाहुणे. हुकूम तासभर आधी कंट्रोलमधून आला. आवाज कुणाचा, ते विचारल्यावर त्यांनी चप्पल घातली.

आपलं घर फलाटापासून तीनशे पावलांवर आहे. गुरुवारी दुपारी त्या खुर्चीत कोण होतं, एवढंच कळव. बाकी ठीक.

ठमी


२१ तारीख, शुक्रवार

चि. ठमीस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

खुर्चीत मी होतो.

साहेबांनी स्वतः फोन केला. मी परिपत्रकाचं नाव काढलं, तर म्हणाले, परिपत्रक मीच काढलंय. मी थांबा दिला आणि रजिस्टरमध्ये सिग्नल बिघाड असं लिहिलं. गाडी तुमच्या स्टेशनात शिरेपर्यंत माझ्याकडे एक तास होता. मास्तरांना एवढंच सांगायचं होतं, की माझ्या वडिलांना फलाटावर आणा. रिसीव्हर उचललासुद्धा. मग वाटलं, त्याच गाडीत माझे वडील चढले तर लोक म्हणतील याने थांबा घरच्यांसाठीच घेतला. पॅसेंजर उद्या येतेच आहे, अशी मनाची समजूत घातली आणि रिसीव्हर ठेवला.

ठमे, साहेबांसाठी मी खोटं लिहिलं तेव्हा हात अडखळला नाही. घरच्यांच्या वेळी स्वच्छ दिसायची हौस आली. याला तत्त्व म्हणत मी इतकी वर्षं मिरवलो.

सोबत अण्णांच्या नावाचं वेगळं पत्र आहे. त्यात हे सगळं लिहिलं आहे. त्यांना वाचून दाखव.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला द्यावीशी वाटेल.

दादा


२६ तारीख, बुधवार

दादास,

तुझं पत्र आलं म्हटल्यावर अण्णा शर्ट बदलून बसले. मी मायना वाचला. पुढच्या दोन ओळी मनात वाचल्या आणि मग मोठ्याने दुसरंच वाचत गेले: वहिनीचा गुडघा दुखतो, मुलीची परीक्षा छान गेली, तुला बढती मिळायची आहे. अण्णा दोनदा म्हणाले, अक्षर चांगलं असणार.

तुझी कबुली माझ्या तोंडून जाणार नाही. पॅसेंजर सोमवारपासून सुरू झाली आहे आणि ती इथे थांबते. सांगायचं असेल तर ये आणि सांग. नाही आलास तर खोटं बोलायचं काम रोज मलाच करावं लागेल, तेवढं लक्षात ठेव.

अण्णांनी उत्तर सांगितलं आहे. एक शब्द न बदलता खाली लिहिते.

चि. बाळास अनेक आशीर्वाद. पत्र ऐकून बरं वाटलं. ठमी हल्ली तुझ्याबद्दल धड बोलत नाही. गाडीचं तिने मनात धरलं असावं. तू मनावर घेऊ नकोस. एका डोळ्यापायी नियम मोडला असतास तर मला खपलं नसतं. दुकानात येईल त्याला मी सांगतो, ज्याने बापासाठी गाडी थांबवली नाही, तो आणखी कुणासाठी थांबवेल? खालची सही माझ्या हातची आहे. ओळ सोडून गेली असेल तर सांभाळून घे.

अण्णा