तू मला दीड वर्ष माहेरी ठेवलंस

आई, सांगतेय मी आणि लिहितेय माझी नात. शाळेत हिंदी घेतलं होतं म्हणून तिला ही अक्षरं येतात. मला तुझ्यासारखंच एकही येत नाही. म्हणजे हे ना मला वाचता येणार, ना तुला. तरी बोलते. आपल्या तंजावरी बोलीत माझ्याशी भांडणारं आता या चेन्नईत कोणी उरलेलं नाही.

नातीची मुलगी सात महिन्यांची आहे. नातीची सासू म्हणते, दुसरंही लगेच होऊन जाऊ दे, दोन्ही एकदम वाढतील. काल डॉक्टरणीकडे मीही गेले होते. ती म्हणाली, "दीड-दोन वर्षं तरी दिवस राहू देऊ नका. प्रत्येकीचं बिघडतंच असं नाही, पण मूल अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो." त्यासाठी नवऱ्याला लांब ठेवायची गरज नाही, त्याची सोय असते, हेही सांगितलं. तुला ती सोय माहीत नव्हती, म्हणून तू जावयालाच लांब ठेवलंस.

माझी लेक पाच महिन्यांची झाली तेव्हा हे गिंडीच्या कारखान्यातून रजा काढून, एग्मोर स्टेशनवर गाडी पकडून मला न्यायला माहेरी आले. तू स्वैपाकघराच्या दारातूनच म्हणालीस, "आडी लागली. या महिन्यात लेक नवऱ्याकडे पाठवत नाहीत." पुन्हा आले तेव्हा बाळाला दात यायचे होते. तिसऱ्यांदा तू कंबर धरून बसलीस. हे कोपऱ्यावर वळतात न वळतात तोच तू भरलेला हंडा कमरेवर घेऊन आत येतेस, आणि मी चुलीपाशी ओरडतेय, "तुला फुकटची स्वैपाकीण हवी, म्हणून माझा संसार अडवतेस." तू सांबार ढवळत राहिलीस. "अंगातलं रक्त परत येऊ दे, मग जा," एवढंच म्हणालीस आणि माझ्या भातावर आणखी एक पळी तूप वाढलंस. लेकीनंतर चार वर्षांनी मुलगा झाला, तो इतका गुटगुटीत की सुईण म्हणाली, माझे हात दुखले. पण मी तूप विसरले, राग तेवढा जपला.

म्हणून माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा मी ठरवलं, आपण तुझ्यासारखं वागायचं नाही. तिसऱ्या महिन्यातच तिची पाठवणी केली, तीही भर आडीत. शेजारणी म्हणाल्या, काय मोठ्या मनाची आई. थोरला धड बसायला लागला नव्हता आणि हिला पुन्हा दिवस राहिले. आठव्या महिन्यातच पोरगी झाली, दोन किलोचीही नाही. कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होती. लेक बाहेर बाकावर बसलेली, भिंतीसारखी पांढरी.

इथे नातीने लिहायचं थांबवलं. "पाट्टी, ती मीच ना?"

"तूच. आता बघून कोणाला खरं वाटेल? लिही."

ती हसली, पण दहा वर्षांची होईपर्यंत दर मार्गळीत, त्या थंडीच्या दिवसांत, तिला धाप लागायची. आणि दर वेळी तिची आई, तिच्या छातीला तेल चोळताना, एकच म्हणायची, "माझंच अंग कमी पडलं." अजूनही म्हणते. मी तिथेच बसलेली असते.

नात विचारतेय, अम्माला, म्हणजे माझ्या लेकीला, वाचून दाखवू का. मी नको म्हटलं. तुला पाठवायला पत्ता नाही; जिला पत्ता आहे ती इथे मैलापुरातच दोन गल्ल्या पलीकडे राहते. नातीला म्हटलं, तू मात्र दुसऱ्यासाठी थांब, सासूला माझं नाव सांग. तिने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

एक राहिलं, आई. मी लेकीला तिच्या सुखासाठी धाडलं असं आजवर सगळ्यांना सांगितलं, मघाशी तुलाही. पण पाठवणीच्या दिवशी बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालताना ती म्हणाली होती, "आई, अजून दोन महिने राहू का?" आणि मी सगळ्या बायकांदेखत म्हटलं, "का ग, नवऱ्याचा इतक्यात कंटाळा आला?" सगळ्या हसल्या. तीही हसली आणि पिशवी उचलली.