टोप्या नव्हेत

बालीगंज, कोलकाता
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय रसू,

अनेक आशीर्वाद. घरी सगळे बरे असाल. अनिकेतरावांचा गुडघा कसा आहे? नूपुरच्या लग्नाची खरेदी कुठवर आली? इकडे थंडी अजून नावालाही नाही, तरी आमच्या इमारतीतले निम्मे पुरुष सकाळी माकडटोपी घालून दूध आणायला निघतात. तुझे सारंगभावजी ऑफिसला गेलेत आणि मी बाल्कनीत पाठीवर ऊन घेत बसलेय.

पत्र बघून तुला नवल वाटेल. पण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मी विषय बदलते. कागदावर दोन्ही जमत नाही.

परवा मी स्टेटसला फोटो टाकला, त्यावर तुझा प्रश्न आला, "ताई, इतक्या बाळटोप्या कुणासाठी? कोलकात्यात काय साथ आलीय?" नूपुरच्या साखरपुड्याला मी, तिची सख्खी मावशी, आले नाही तेव्हापासून तू 'हो' आणि 'बरं'च्या पुढे गेली नव्हतीस. त्यामुळे तो प्रश्न वाचून मी इतकी खूश झाले, की उत्तर द्यायचंच राहिलं. ते आज देते.

त्या टोप्या नव्हेत गं. पण आधी मला विणकामाचं सांगू दे, नाहीतर माझं पोट फुटेल!

दोन्हीकडे टोकं असलेल्या चार सुयांवर टाके घालायचे आणि पाचव्या सुईने गोल गोल विणत जायचं. पहिली वस्तू पापडासारखी सपाट झाली. दुसरी तेनालीच्या टोपीसारखी टोकदार. तिसऱ्या खेपेला मात्र टाके कुठे कमी करायचे ते बोटांना आपोआप कळलं आणि असा छान गोलवा आला, की मी एकटीच टाळ्या वाजवल्या. लोकर नाही वापरत. ती घामात टोचते, आणि इथे वर्षातले आठ महिने घामच. मऊ सुती दोरा घेते. आत उशीत भरतात तो हलका फायबर. गुलाबी, बदामी, एक तर चक्क पोपटी, कारण यामिनीला पोपटीच हवी होती.

ज्या मैत्रिणींसाठी विणते त्या एकेक नमुना आहेत. लीनादी बजबजच्या, गाण्याचा वर्ग चालवतात. मी माप विचारलं तर म्हणाल्या, "डाबाएवढं कर गो, कंजूषी नको." डाब म्हणजे शहाळं. यामिनी बँकेत आहे, आमच्यात सगळ्यात लहान आणि सगळ्यात आगाऊ. ती लगेच म्हणाली, "लीनादी, मग बाजूच्या खऱ्याला किती वाईट वाटेल!"

आता तुला कळलं असेल, रसू.

पहिलं मी माझ्यासाठी विणलं.

एप्रिलमध्ये माझं ऑपरेशन झालं. डावी बाजू काढली. साखरपुड्याच्या वेळी सारंगला रजा नव्हती हे खोटं होतं, त्या आठवड्यात माझी केमो होती. व्हिडिओ कॉलला 'नेट चालत नाही' म्हणत राहिले, कारण डोक्यावर केस नव्हते. आता आलेत, बोटभर, आणि कुरळे! आपल्या खानदानात कुरळे केस! सारंग येता-जाता डोक्यावरून हात फिरवतो. त्याला दोष देऊ नकोस, मीच त्याला शपथ घातली होती. मी आता बरी आहे. हे वाक्य पुन्हा एकदा वाच आणि मगच पुढे जा.

लीनादी आणि यामिनी मला केमोच्या हॉलमध्ये भेटल्या. हाताला सलाइन लावून तासन्‌तास शेजारी बसलं की माणसं लवकर जवळची होतात. लीनादी ब्लाउजमध्ये रुमालांची गुंडाळी ठेवायच्या. म्हणायच्या, "श्वास घेतला की ती वर, सोडला की खाली. मुली माझा सूर ऐकायचा सोडून तिचाच आरोह-अवरोह बघतात." त्या दिवशी घरी येऊन मी सुया शोधल्या.

सगळं एकदम जमलं असं नाही. एका बाजूला वजन नसलं की खांदा वाकडा होतो. लीनादी म्हणाल्या, तान्ह्या बाळाच्या उशीत मोहरी भरतात तशी भर. भरली. भर पावसाळा, त्यात घाम. आठवड्याने यामिनीचा फोन, "कालिंदीदी, माझ्या छातीत शेती सुरू झालीय!" खरंच कोंब आले होते गं! पुढच्या खेपेला तिने ते सगळ्यांना दाखवलं. हॉलमध्ये असा हशा उसळला, की नर्स धावत आली. आता मी बडाबाजारातून काचेचे बारीक मणी आणते आणि त्यांची छोटी थैली आत शिवते.

काल बजबजला लीनादींच्या वर्गाचा कार्यक्रम होता. आम्ही मैत्रिणी इथून लोकलने गेलो, डब्यात मुढी, म्हणजे आपले कुरमुरे, खात, शाळेच्या सहलीसारख्या. लीनादी लाल काठाची साडी नेसून आल्या आणि दोन्ही हात पसरून गायल्या. गाणं कोण ऐकतंय! आमच्या सगळ्यांचे डोळे एकाच जागी. काही हललं नाही, काही सरकलं नाही. यामिनीने भर सभागृहात शिट्टी मारली. आणि मी, जिला एप्रिलमध्ये आरशासमोर उभं राहता येत नव्हतं, मी उभी राहून ओरडले, "वाहवा!"

पत्र इथे संपवलं असतं तर बरं वाटलं असतं.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं होतं, "आई कशाने गेल्या?" मला नीट सांगता आलं नाही. आपण सगळे 'अशक्तपणा'च म्हणत होतो ना? मग मी त्यांना आईच्या काखेतल्या गाठीचं सांगितलं, जिच्यावर ती गरम मिठाची पुरचुंडी ठेवायची. त्यांनी लिहायचं थांबवलं. म्हणाले, "बहीण आहे?"

"आहे, धाकटी."

"तिला लगेच तपासून घ्यायला सांगा."

मी हो म्हटलं, रसू, आणि तुला सांगितलं नाही. आधी तुमची साखरपुड्याची तयारी चालली होती, मग माझी केमो, मग तुझा अबोला. खरं कारण हे, की तुला सांगायचं म्हणजे तुझ्याबद्दल तसा विचार करायचा, आणि तो माझ्याच्याने होत नव्हता. स्वतःबद्दल करता आला. तुझ्याबद्दल नाही.

म्हणून आता ऐक. हे वाचून झालं की मला फोन करू नकोस. आधी दवाखान्यात कर. मॅमोग्राफीची वेळ घे, आईचं आणि माझं दोघींचं सांग. 'नूपुरचं लग्न होऊन जाऊ दे' म्हणशील, मला माहीत आहे. नाही. लग्नाआधी. या आठवड्यात. अनिकेतरावांना बरोबर ने. मग मला फोन कर आणि हव्या तेवढ्या शिव्या दे. लपवलं म्हणून जेवढं रागवायचं तेवढं रागाव, मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.

लग्नाला आठ दिवस आधी येते. कुरळ्या केसांत गजरा कसा टिकतो ते तू बघ.

जिच्यासाठी हे एक कधीच विणायचं नाही, त्या माझ्या एकुलत्या एक बहिणीची,
ताई