पोत्यामागचा उंदीर

आप्पाकाका,

तुमच्या सिदूला आणि फुलीला घेऊन मी, आई आणि काकू माळावरच्या झोपडीत राहायला चाललोय. वाटेत दोघांना प्लेगची लस टोचून घेणार. लस टोचल्यावर पोरांना ताप येतो, असं शाळेत बाईंनी सांगितलंय, तेव्हा त्यावरून बोंबलू नका.

मागल्या साली दुकानात उंदीर मरून पडला, तो तुम्ही गुपचूप चुलीत जाळलात. मी पाहिलं होतं, पण भिऊन गप्प बसले. तुमचं दुकान चालू राहिलं आणि माझी धाकटी बहीण गंगी प्लेगनं गेली. आईला म्हणालात, देवाची मर्जी.

काल पोत्यामागं पुन्हा उंदीर पडला. मी सांगायला आले तर म्हणालात, "शाळेत जाऊन लई शहाणी झालीस की." झालेच. तुम्ही जेवायला बसलात तेवढ्यात चिमट्यानं उचलून, घमेल्यात घालून तो म्युनिसिपालटीच्या इन्स्पेक्टरला दाखवून आले. आज दहाला ते दुकानाला कुलूप घालायला येताहेत.

तुम्हीही घरात थांबू नका. झोपडीत तुमचं अंथरूण टाकते. मात्र चुलीतल्या उंदराचं आईला अजून ठाऊक नाही. ते तुम्ही तिला दारातच सांगायचं, मग आत यायचं.

मंजुळा