नाल्यातला दगड आणि तीन बोटं

बाबा, तुमच्या जीपमध्ये चढायला आता मला पाट लागतो. स्वयंपाकघरातला, तुमचा जेवायचा. पन्नाशीच्या बाईनं सौंसरच्या भर बसस्टँडवर पाट मांडून गाडीत चढावं आणि गावच्या रिकामटेकड्यांनी ते चहा पीत पाहावं, हा अन्याय कोणत्या दरबारात मांडू? तुम्ही असता तर म्हणाला असता, "काहून वं, गाडी उंच केली, आता पायही उंच करून आण." म्हणा. मी जीप उंच केलीच.

तुमच्या हयातीत तिला हात लावायची सोय नव्हती. मोहगावच्या बगीच्याच्या वाटेवर नाल्यात तो काळा दगड आहे, जमिनीतूनच उगवलेला, पहारीला न जुमानणारा. संत्र्यांनी भरलेल्या जीपच्या मागच्या ॲक्सलमधला लोखंडी गोळा दरवर्षी त्यावर टेकायचा. मग तुम्ही शेजारच्या काकांना हाक मारायचे, काकांचे बैल जीप ओढायचे, आणि पहिल्या तोड्याची एक टोपली तुम्ही त्यांच्या गोठ्यात ठेवून यायचे. मला ती शरमेची वरात वाटायची. आई भाकरी थापून राहिली आहे, तुम्ही पाटावर, आणि मी म्हणते, "बाबा, गाडी उंच करू ना." तुम्ही ताटावरून नजरही उचलत नाही. "अडकणं गाडीचं काम, काढणं शेजाऱ्याचं. तू चूप जेव."

नाही बसले चूप. यंदा भाऊ नागपूरहून फोनवर म्हणाला, "फळ बाहेर निघत नसेल तर बगीचा ठेक्यानं देऊन टाकू, जीप भंगारात. बाईमाणसाचं काम नाही ते." मी मिस्त्रीकडून जीपचे पाटे, म्हणजे बॉडीखालच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बदलून घेतले. बॉडी चार बोटं वर आली. ऐटीत नाल्यात उतरले, आणि खट्! तोच दगड, तोच गोळा. पाट्यांनी बॉडी उचलली होती. ॲक्सल चाकांच्या मधोमध बसलेला, तो कशाला हलतो? काका बैल घेऊन आले. "बाप्पा! आता तर उंचावरून फसून राहिली तुमची जीप!"

मग टायर मोठे घातले. टायर जुन्यापेक्षा सहा बोटं उंच, तर गोळा तीनच बोटं वर; अर्धंच पदरात पडतं. पण एवढे टायर मडगार्डला घासले असते, त्यांना जागा पाट्यांनीच करून दिली. तेव्हा पाटे वाया गेले असं भावाला म्हणू देणार नाही. स्टिअरिंग जड झालं, चढावर जीप धापा टाकते, वळणावर डुलते. डुलू दे. तुमच्या पोरीचंही तेच चाललंय.

काल पहिला तोडा भरला. काका सवयीनं बैल घेऊन नाल्यावर उभे. मी दगडावरून गेले, खाली काही वाजलं नाही. काका म्हणाले, "जमलं वं पोरी." मग बैलांकडे वळून, जरा हळू, "चला बाप्पा, आपलं काम सुटलं." फळ पांढुर्ण्याच्या मंडीत उतरलं. भावाला फोटो पाठवला. त्यानं लिहिलं, "बरं. बगीचा तूच पाहा."

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच सांगते. दगडावरून जाताना माझे कान त्या खट्‌चीच वाट पाहत होते. परतीच्या वाटेवर मी गोठ्यापाशी थांबले. उंचावरून फसले त्या दिवसाची टोपली द्यायची राहिली होती. काका घरी नव्हते. पाट टाकून खाली उतरले आणि टोपली गव्हाणीशेजारी ठेवली, तुम्ही ठेवायचे तिथंच.