लंबूच्या बाटल्या

३ मार्च

चि. बारक्यास, अ. उ. आ.

परीक्षा संपेपर्यंत होस्टेलात मोबाइल काढून घेतात, म्हणून हा कागदी खटाटोप. तुझ्या खोलीतला लंबू परीक्षेच्या धास्तीनं पितो आणि तू त्याला तासन्‌तास उपदेश करतोस, हे वाचून मी हात टेकले. आपल्या घरची रीत विसरलास? बाबांच्या सिगारेटी, आईची चॉकलेटं, सगळं माझ्या कपाटात कुलपात असतं, म्हणून घर चाललंय. लंबूच्या बाटल्या तुझ्या ट्रंकेत टाक, कुलूप लाव आणि अभ्यासाला बस. पार्लरमध्ये गर्दी आहे, आटोपतं घेते.

राग मानू नकोस. मानलास तरी पत्र लिही.

तुझी ताई

१७ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. लंबू दोन दिवस तणतणला, मग कॉलेजच्या समुपदेशक बाईंकडे जायला लागला. आता वेळेवर जेवतो आणि मेला घोरतोसुद्धा. भानगड माझीच झाली. गणिताचं पुस्तक उघडलं की छाती धडधडायची, वाचलेलं काही आठवेना, आणि ट्रंक पलंगाखालीच होती. एक घोट घेतला, बरं वाटलं. मग रोजचंच झालं. त्याच्या बाटल्या संपल्या, काल मी स्वतः जाऊन नवी आणली. आज गणिताचा पेपर होता आणि मी झोपून राहिलो. लंबू म्हणतो, माझ्याबरोबर बाईंकडे चल. मला लाज वाटते. तू हवं तेवढं बोल, पण बाबांना सांगू नकोस. ते मला घरात घेणार नाहीत.

उरलासुरला लोभ असू दे.

तुझा बारक्या

२० मार्च

चि. बारक्यास, अ. उ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता एका बाईंच्या केसांचा रंग धुवायचा राहिला. त्या आता गाजरासारख्या दिसतात आणि मला शिव्या घालतात. घालू देत. घाबरलेल्या पोराच्या पलंगाखाली दारू ठेवायला सांगणारी मी मोठी शहाणी! आणि तू? धडधडतंय, एवढं एका ओळीत कळवायला काय झालं होतं? फार चिडले आहे रे, आणि त्याहून जास्त घाबरले आहे.

बाबांना सांगितलं. तू नको म्हणालास, तरी सांगितलं. त्यांनी पेपरचं विचारलंच नाही. पोरगं जेवतंय का, एवढंच विचारलं आणि बॅग भरायला घेतली. लंबूबरोबर बाईंकडे जा. लाज नंतर सवडीनं वाटून घे.

लोभ आहेच, तो कुठे जातोय.

तुझी ताई

ता. क. हे पत्र बाबांच्याच हाती पाठवते आहे. ते अजून दारात उभे असतील, तर त्यांना आत घे.